टांकसाळीची खूण आणि नाण्याचे मोल

दिवाळीत वहीपूजनाच्या तबकात जुनी नाणी मांडण्याची प्रथा अनेक व्यापारी घरांत आजही पाळली जाते. नाण्यावरील साल सारेच वाचतात. परंतु त्याखालची बारीक खूण पाहणारे थोडेच. नाणे कोणत्या टांकसाळीत पडले, हे तीच खूण सांगते.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर ती बहुधा सालाखाली असते. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा वाटोळा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यांवर मात्र खूणच नसते. म्हणून बिनखुणेचे नाणे हाती आले की ते सदोष अथवा दुर्मीळ असल्याचा समज करून घेऊ नये. ते कोलकात्याचे, इतकेच. पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयांतही हाच भेद दिसतो. मुंबईच्या रुपयावर मागील बाजूस तळाच्या कमळाखाली टिंब असते, कोलकात्याच्या रुपयावर ते नसते.

खुणेइतकीच तिची जागाही महत्त्वाची असते. १९८५ साली एक रुपयाची काही नाणी ब्रिटनमध्ये पाडून घेण्यात आली. वेल्समधील लॅन्ट्रिसंट येथील नाण्यावरही चौकटच आहे. परंतु ती सालाच्या पहिल्या अंकाखाली, तर मुंबईची सालाच्या मध्याखाली. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीने ‘एच’ हे अक्षर उमटविले. जागा न पाहता चौकट दिसताच ‘मुंबई’ म्हणणारा येथे हमखास चुकतो.

तरीही केवळ खुणेने मोल ठरत नाही. त्या साली त्या टांकसाळीची किती नाणी पडली, त्यांतील किती उरली, मागणी किती आणि नाण्याची स्थिती कशी, हे सारे पाहिले जाते. चिंच वा पावडर लावून लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांच्या लेखी उतरते. टिंब खरवडूनही फसवणूक होऊ शकते. म्हणून त्या जागेवरील ओरखडे भिंगाखाली तपासावेत.

‘या खुणेच्या नाण्याला लाखो रुपये’ अशा जाहिरातींपासून विशेष सावध राहावे. नाणे विकत घेतो असे सांगून आधी शुल्क, कर वा कमिशन मागितले जाते. पैसे भरले की माणूस नाहीसा होतो. अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे. विकणाऱ्यानेच आधी पैसे मोजावेत, ही रीत कोणत्याही पेढीवर नाही.

सोने घेताना कस पाहणाऱ्या घराने नाण्याच्या बाबतीतही आधी भिंग हाती घ्यावे, मग भाव विचारावा.