शॉकप कडक करून काय साधते?

आपल्या महाविद्यालयात मोटारसायकलीवरून येणाऱ्या मुलांत एक समजूत घट्ट रुजली आहे. शॉकप जितका कडक, तितकी गाडी भारी! गॅरेजात जायचे, ‘मेस्त्री, पुढचा शॉकप जरा हार्ड करा’ म्हणायचे, मेस्त्रीने नळ्यांत दाट ऑइल ओतायचे, आणि रविवारी तीच गाडी चोर्ल्याच्या घाटातून गोव्याकडे पिटाळायची, असा शिरस्ता. माझ्या मते ही समजूत चुकीची तर आहेच, पण जिवावर बेतणारी आहे. आणि तिचा दोष मेस्त्रीपेक्षा आपल्या अभ्यासक्रमाकडे अधिक जातो. तो कसा, ते पुढे सांगतो.

पुढच्या फोर्कच्या नळीत मुख्यतः दोन वस्तू: स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण झेललेले सारे परत केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यात ती शक्ती उष्णता होऊन जिरते. फोर्क दबताना होणारा विरोध निराळा आणि दबलेला फोर्क पुन्हा लांब होताना होणारा विरोध निराळा. या दुसऱ्याला रिबाउंड डॅम्पिंग म्हणतात. आपण त्याला उसळीचा लगाम म्हणू. बी.एम.डब्ल्यू.ने १९३५ साली आर-१२ या गाडीला तेलाने शमन होणारा दुर्बिणीसारखा फोर्क दिला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

लगाम फार ढिला असेल तर गतिरोधकानंतर गाडीचे तोंड दोन-तीनदा वरखाली होते, वळणावर ब्रेक सोडताच पुढचा भाग झटकन उठतो आणि गाडी आखलेल्या रेषेबाहेर जाऊ पाहते. हे साऱ्यांना कळते, कारण ते डोळ्यांना दिसते. लगाम फार आवळला तर काय होते, ते मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

एक साधे गणित करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. रस्त्यावर मीटर-मीटर अंतराने उंचवटे असतील तर दर ०.१ सेकंदाला एक दणका. दबलेल्या फोर्कला पूर्ववत होण्यास त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर दुसरा दणका तो अर्धवट दबलेला असतानाच बसतो, तिसरा त्याहून खाली. अशा चार-सहा दणक्यांनंतर १२० मिलिमीटर हालचालीतली बरीचशी खर्ची पडते. उरलेल्या थोड्या जागेत स्प्रिंग आधीच आवळलेली, म्हणून हँडलला हिसके बसतात. शिवाय खड्डा आला की चाक वेळेवर खाली उतरत नाही, टायर क्षणभर अधांतरी राहतो, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक दाबला तर? चालवणारा मात्र म्हणतो, ‘शॉकप मऊ पडलाय, दणके लागतात,’ आणि आणखी दाट तेल घालून घेतो. लगाम सैल करायचा, तर तो आणखी आवळतो! रोगाला वाढवणारे औषध ते हेच.

ज्यांच्या गाडीला लगामाचा स्क्रू आहे, त्यांचे काम सोपे. तो बहुधा फोर्कच्या टोपणावर असतो. काही गाड्यांत तर एका नळीत फक्त रिबाउंडचा आणि दुसरीत दबण्याचा. आधी टायरची हवा पाहावी. मग स्क्रू घड्याळाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने पूर्ण बंद करून तिथून उलट क्लिक मोजावेत. जोर केला तर आतली सुई बिघडते. पुस्तकात दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करून एका वेळी एक-दोन क्लिक बदलावेत, त्याच रस्त्याने जाऊन यावे, वहीत टिपावे. पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने दाबून सोडले, की फोर्क चटकन वर येऊन न नाचता स्थिरावला पाहिजे. बाकी रस्ता सांगेल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांना असा स्क्रूच नाही. तिथे तेल हीच किल्ली, आणि घोटाळाही तिथेच. तेल दाट केले की उसळीबरोबर दबणेही अडते. साध्या फोर्कच्या छिद्रांतून तेल जाताना विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणून खड्ड्याच्या धारदार कडेवर असा फोर्क जवळजवळ लोखंडी दांडाच होतो. २०-४०चे इंजिन ऑइल फोर्कमध्ये ओतलेले मी पाहिले आहे. ते १० नंबरच्या फोर्क ऑइलच्या दुपटीहून दाट असते, आणि पावसाळ्यातल्या थंड सकाळी आणखी दाट. त्यातही एका कंपनीचे १० नंबर दुसरीच्या १० नंबराइतकेच दाट असते असे नाही.

कोणी म्हणेल, शर्यतीतले लोक तर कडकच ठेवतात! ठेवतात, पण त्यांचा मार्ग गुळगुळीत, ब्रेक जबर, स्प्रिंग ताठ. ताठ स्प्रिंगची उसळी आवरायला लगामही अधिक लागतो. त्यांचा हिशेब टिळकवाडीच्या खड्ड्यांना लावून कसे चालेल?

आता अभ्यासक्रमाविषयी. शमित दोलनाचे समीकरण आमचा विद्यार्थी परीक्षेत तोंडपाठ लिहितो, c चा वर्ग ४mk इतका झाला की दोलन थांबते हेही सांगतो. बाहेर स्टँडवर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीत तोच c दोन नळ्यांत भरलेला आहे, हे त्याला कोणी दाखवत नाही. आणि उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग घडवणारे कारागीर हाकेच्या अंतरावर! अर्धे मराठी, अर्धे कन्नड बोलत मेस्त्री जे हाताने ओळखतो, ते मोजून पाहण्याची सोय आमच्याकडे आहे. फक्त इच्छा हवी. कन्नड विभागातल्या मित्रांनीही यात यावे, शॉकप दोन्ही भाषांत शॉकपच आहे.

प्रयोग फार खर्चाचा नाही. भंगारातला एक फोर्क शिकंजात उभा पकडावा, तीन प्रतींची तेले क्रमाने भरावीत, ठराविक वजनाने दाबून सोडावा आणि परत येण्याचा वेळ मोबाइलच्या चित्रफितीवर मोजावा. फोर्क मी आणून देतो, तेलाचे तीन डबे विभागाने घ्यावेत.