समजून घ्या : राउटरचा लॉग राउटरमध्येच ठेवून काय उपयोग?

क्लास, पतसंस्था किंवा छोटी कंपनी घ्या. इंटरनेटची लाइन एक, बाहेर दिसणारा आयपी अ‍ॅड्रेस एक आणि त्यामागे तीस-चाळीस संगणक-मोबाइल. त्या लाइनवरून कुणी खोटं प्रोफाइल उघडून एखाद्याची बदनामी केली, तर पोलिसांच्या पत्रात तुमचा आयपी आणि वेळ एवढंच असतं. आतलं नेमकं कोणतं मशिन, हे राउटरच सांगू शकतो. त्यानं नोंद ठेवली नसेल, तर सगळेच संशयित.

'सर्ट-इन'नं २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांना १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलं आहे. त्यावर 'आमच्याकडे लॉगिंग चालू आहे' हे उत्तर पुरेसं नाही. लॉग जातो कुठे, हे विचारायला हवं.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये मूळ सेटिंगनुसार लॉग मेमरीत जातो, तोही हजार ओळींपुरता. ज्युनिपरमध्ये फिल्टरच्या नियमात 'लॉग' लिहिलं तर नोंद मेमरीतल्या बफरमध्ये राहते. 'सिसलॉग' लिहिलं तर ती फाइलमध्ये किंवा दुसऱ्या मशिनवर पाठवता येते. फरक एका शब्दाचा. पण राउटर बंद पडला की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, आणि आपल्याकडे वीज जायला मुहूर्त लागत नाही.

म्हणून सिसलॉग. राउटर प्रत्येक नोंद एका ओळीत दुसऱ्या संगणकाकडे धाडतो, बहुधा यूडीपीच्या ५१४ पोर्टवर. लिनक्स टाकलेला जुना पीसीही पुरतो. यूडीपीत पोहोच मिळत नाही आणि मजकूरही उघडा असतो. ऑफिसच्या आत हे चालेल, पण शाखेतून मुख्यालयात इंटरनेटवरून पाठवायचं असेल तर टीएलएस हवंच.

सगळंच नोंदवू नका, डिस्क भरेल आणि हवी ती ओळ सापडणार नाही. नव्या कनेक्शनचं पहिलं पॅकेट आणि बाहेरून येऊन अडवलेली पॅकेट्स नोंदवा. फिल्टरचे नियम वरून खाली वाचले जातात. 'सगळं जाऊ द्या' या नियमाच्या खाली लॉगचा नियम ठेवला, तर एकही ओळ उमटत नाही. एखादी साइट उघडून ओळ आली का, हे तपासाच.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली घड्याळ. राउटर यूटीसीवर आणि पोलिसांचं पत्र भारतीय वेळेत असेल, तर साडेपाच तासांच्या फरकानं भलताच माणूस अडकेल. एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी घड्याळ जुळवा. निर्देशांतही तेच आहे. दुसरी डीएचसीपीची नोंद. आतला आयपी आज एका मोबाइलला, उद्या दुसऱ्याला मिळतो. ती यादी जपली नाही, तर फायरवॉलचा लॉग अर्धाच.

आणि कर्मचाऱ्यांना हे सांगा. पानावरचा मजकूर लॉगमध्ये येत नसला, तरी कोण कधी कुठल्या सर्व्हरशी जोडला गेला हे कळतं. न सांगता ते साठवणं मला पटत नाही, आणि मालकानं फावल्या वेळात चाळणं तर मुळीच नाही.