कागदाची घडी आणि मुलांचे गणित

थंडीचे दिवस आले की संध्याकाळ लवकर होते. गल्लीतला खेळ लवकर मोडतो आणि मुले घरात येतात. घर म्हणजे बहुतेकांचे एका खोलीचे. तिथेच स्वयंपाक, तिथेच अभ्यास, तिथेच रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाचे अंथरूण. मग मुले एक तर मोबाईलला चिकटतात, नाही तर आपसांत भांडतात, आणि दिवसभर राबून आलेल्या आईचा आवाज चढतो. अशा वेळी मुलांच्या हाताला काय द्यावे? आमचे उत्तर साधे आहे. कागद द्यावा.

कागदकामाला हा हंगामही चांगला. पावसाळ्यात कागद हवेतली ओल ओढून घेतो, मऊ पडतो, त्याची घडी बसत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो कडक राहतो आणि चिकटवलेले लवकर वाळते. शिवाय वर्ष सरले की भिंतीवरचे जुने कॅलेंडर उतरते. त्याची जाड पाने, जुनी वर्तमानपत्रे, वहीची पाठकोरी पाने, एवढे साहित्य पुरे. बाजारातून काहीही आणू नये.

पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येते, "आम्ही शिकलेलो नाही, मुलांना काय शिकवणार?" हे वाक्य मुलांच्या कानांवर पडू देऊ नका. ते खरेही नाही. शिवणकाम करणारी आई कापडाची चौघडी घालून एकदाच कात्री चालवते आणि चारी बाजू सारख्या उतरतात. गवंडीकाम करणारा बाप भिंतीचा कोपरा गुण्या लावून तपासतो. हीच तर भूमिती! मुलांच्या पुस्तकात तिला नावे वेगळी आहेत, एवढेच. १८९३ साली मद्रासला टी. सुंदर राव यांनी केवळ कागदाच्या घड्या घालून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले. पुढे ते अमेरिकेतही छापले गेले. तेव्हा घडी घालणे हा पोरखेळ समजू नका.

सुरुवात अशी करा. वेडावाकडा फाटलेला कागद घ्या आणि कुठेही एक घडी घाला. पट्टी न लावता सरळ रेषा मिळाली. आता ती रेषा तिच्याच वर नीट जुळवून दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार झाला तो काटकोन, ९० अंशांचा. हा कागदी गुण्या घेऊन मुलांना दाराचा, पुस्तकाचा, कपाटाचा कोपरा तपासू द्या. कुठला कोपरा बरोबर आहे आणि कुठला वाकडा, हे ती स्वतःच सांगू लागतील.

चिकटवायला घरचीच खळ करावी. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत दाट करावा. थंडीत ती दोनेक दिवस टिकते. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद टाकतात. ते विष आहे. मुलांच्या खळीत टाकू नये.

भिरभिरे : वीतभर चौरस कागद घ्या. चौरस करायचा तर लांबट कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेवर दुमडा आणि उरलेली पट्टी कापून टाका. दोन्ही तिरक्या घड्या घाला. त्या जिथे छेदतात तो मध्य. चारी कोपऱ्यांपासून घडीवरून मध्याकडे कापत या, पण दोन बोटे आधी थांबा. आता आठ टोके झाली. एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी टोचा. मागे रिकाम्या रिफिलचा बारीक तुकडा ओवून टाचणी पेन्सिलीच्या खोडरबरात रोवा. टोक बाहेर आले तर त्यावर चिकटपट्टी लावा. तुकडा नसेल तर भिरभिरे अडते. का अडते, ते मुलांना शोधू द्या.

कंदील : कॅलेंडरचे पान लांबीत मधोमध दुमडा. घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप द्या, मोकळ्या कडेच्या दोन बोटे अलीकडे थांबा. पान उलगडा, काप उभे राहतील असे गुंडाळून कडा चिकटवा, वर पट्टीची मूठ लावा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला हे कंदील शोभून दिसतात. त्यात पणती किंवा मेणबत्ती मात्र कधीही ठेवू नये.

कात्री न लागणारा खेळ : वर्तमानपत्र उभे फाडा, मग आडवे फाडा. एकीकडे सरळ फाटते, दुसरीकडे वेडेवाकडे. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात, म्हणून असे होते. मग पानाच्या घडीवर घडी घालायला सांगा. थर होतात २, ४, ८, १६. सातव्या घडीला १२८ होतात आणि पान वाकेनासे होते. सात-आठ घड्यांच्या पुढे जाता येत नाही, असे पुष्कळांना वाटते. पण २००२ साली अमेरिकेतल्या ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने सुमारे १२०० मीटर लांबीचा पातळ कागद घेऊन १२ घड्या घातल्या आणि त्यामागचे गणितही मांडले. ही हकीकत आपल्या मुलींना जरूर सांगा.

मुलांनी केलेले वाकडे झाले तरी आपण सरळ करून देऊ नये. कात्री मुलीच्या हाती आणि केरसुणीही तिच्याच हाती, असे होऊ देऊ नये. कापायला दोघांनी, कपटे गोळा करायलाही दोघांनी. वर्तमानपत्राच्या पिशव्या केल्या तर त्यांत वही-पेन्सिल ठेवावी, खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. छपाईची शाई पोटात जाणे चांगले नाही.

शाळेचा प्रकल्प आला की दुकानातून तयार वस्तू आणून देण्याची पद्धत हल्ली पडली आहे. त्यात पैसा जातो आणि मुलाच्या हाताला काहीच येत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा अर्धा तास काढा. आई भाकरी थापता थापता सांगेल, बाप शेजारी बसून घडी दाबून दाखवील. आपल्या आईबापांना पुष्कळ काही येते, हे मुलांना कळले पाहिजे. कागदाचे भिरभिरे दोन दिवसांत फाटेल, पण मुलांना कळलेली ही गोष्ट जन्मभर टिकेल.