ओझ्याला चाकं हवीत

आपल्या औद्योगिक पट्ट्यात मालाला चाकं असतात. भोसरीच्या वर्कशॉपांपासून चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत सुटे भाग ट्रॉलीवरून नाहीतर फोर्कलिफ्टवरून फिरतात. माल आपटला तर मालकाचा तोटा होतो, म्हणून ही काळजी. याच पट्ट्यातल्या दवाखान्यांत मात्र सलाइनची खोकी, चादरींची गाठोडी, जेवणाची पातेली मावशींच्या कमरेवर आणि डोक्यावर चढतात. मावशींची कंबर मोडली तर तोटा कुणाच्या खात्यावर लिहायचा?

अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांचं खोकं बारा किलोंच्या वर भरतं. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर रिकामासुद्धा पन्नास किलोंच्या पुढे जातो. ट्रॉली नसतेच असं नाही. असते, पण एक चाक अडकलेलं असतं, ब्रेक नसतो, दांडा उंच माणसाच्या मापाचा असतो. धड ढकलता न येणारी ट्रॉली ओझं हलकं करत नाही, त्यात स्वतःचं वजन घालते. खरेदी करणारा ती कधी ढकलत नाही आणि ढकलणारीला कुणी विचारत नाही.

वस्तीतल्या बैठकांत कंबरदुखीचा विषय निघाला की बायका ती वयावर आणि बाळंतपणावर ढकलतात. अंग बाहेर येतं, हे तर दबक्या आवाजातच सांगतात. त्याचा कामाशी संबंध असू शकतो, हे त्यांना डॉक्टरही विचारत नाहीत. ठेकेदाराच्या रजिस्टरात तसा रकानाच नसतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ ने इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये असं म्हटलं होतं. पण तो कायदा कारखान्यांपुरता होता, वॉर्डांपर्यंत पोचला नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १२७ व्या करारात स्त्रियांसाठी ओझ्याची मर्यादा पुरुषांपेक्षा कमी ठेवायला सांगितलं आहे. इथे आपण सावध असायला हवं. ‘बायकांना जड झेपत नाही’ म्हणत त्यांना कामावरूनच काढायची वाट त्यातून निघू शकते. वॉर्डबॉयची पाठही लोखंडाची नसते. म्हणून आपली मागणी बाईला सूट द्या अशी नको. ओझ्याला चाकं द्या, अशी हवी.

ही मागणी रुग्णांचीही आहे. सकाळी कचरा नेलेल्या ट्रॉलीवरच दुपारी जेवण आलं, तर जंतुसंसर्ग वॉर्डभर फिरतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रंगीत पिशव्यांची शिस्त आहे, ती वाहून नेणाऱ्या हातांचा विचार आपल्यालाच पुढे रेटावा लागेल.

सुरुवात करता येईल. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचं आहे, म्हणजे आपल्या कराच्या पैशावर चालतं. २००५ च्या माहिती अधिकाराखाली अशा प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाला विचारू या: साहित्य वाहायच्या ट्रॉल्या किती, चालू किती, शेवटची दुरुस्ती कधी झाली, कचऱ्याच्या वेगळ्या आहेत का? खरेदी समितीत मावशींची प्रतिनिधी असावी, मग ती कायम असो की कंत्राटी. आणि नवी ट्रॉली घेण्याआधी ती भरून उतारावर ढकलून बघण्याचा पहिला मान तिचा असावा.

१९५० च्या दशकात याच पिंपरीत देशासाठी पेनिसिलिन बनू लागलं. औषध बनवणाऱ्या या गावाला ते खाटेपर्यंत नेणाऱ्या बाईसाठी चार धड चाकं बनवणं अवघड नाही. अडलं आहे ते तिचं काम मोजण्यापाशी.