गावाची गरज कोणी सांगावयाची?

२ ऑक्टोबर उजाडला की ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यांची लगबग सुरू होते. केंद्र सरकारने २०१८ पासून त्यासाठी मोहीमच आखली आहे. ग्रामसभेत गावाच्या गरजा नोंदवाव्यात आणि त्यांवरून पुढील वर्षाची कामे ठरवावीत, असा हा क्रम. क्रम उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती मुहूर्ताविषयी.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग पाहावा. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते; पावसाळ्यात ओढ्यांनी वाटा तुटतात आणि आजाऱ्यास खांद्यावरून न्यावे लागते. त्याच मुलखात वैशाखात विहिरी तळ गाठतात व बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्यापाशी तिष्ठत बसतात. ऑक्टोबरात यांपैकी काहीच दिसत नाही. ओढा उतरलेला, विहीर भरलेली, आणि भाताची सुगी ऐन भरात! अशा दिवसांत सभेस कोण येणार? ज्यांना सवड आहे ते येणार. आणि ज्यांना सवड आहे त्यांना पाण्याची वाण क्वचितच असते. मग गटार, फरशी आणि एखादी कमान कागदावर चढते, आणि साकव राहतो तो राहतोच.

हे दुखणे नवे नव्हे. १९५२ साली समाजविकास योजना सुरू झाली. तिच्यात लोकांचा पुढाकार दिसत नाही, हे बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्येच सांगून टाकले. १९९३ पासून घटनेनेच पंचायतींना आराखड्यांचे काम नेमून दिले. पैशाचीही अगदीच वाण नव्हती. २०२१-२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला. परंतु कोणत्या वाडीस कोणत्या महिन्यात पाणी पुरत नाही याची नोंदच नसेल, तर टाकी जेथे जागा मिळेल तेथे उभी राहते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे ग्रामस्थ पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. तेथे पाऊस खानापूरच्या मानाने किती थोडा!

आणखी एक गोष्ट. गरज माणूस आपल्या भाषेत सांगतो. सभेची सूचना व इतिवृत्त मराठी वाडीतील म्हातारीस वाचून दाखविले तरी कळणार नसेल, तर तिची संमती कसली? जेथे भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केले होते. आम्ही नवे काही मागत नाही.

तेव्हा वाडीवाडीची पाहणी एप्रिल-मेमध्ये कोरड्या विहिरीच्या काठावर आणि जुलैत तुटलेल्या वाटेवर व्हावी. ऑक्टोबरच्या सभेने तीवर केवळ निर्णय घ्यावा. स्त्रियांची सभा वेगळी व सुगीनंतर भरावी. मागील आराखड्यातील कोणती कामे झाली, कोणती राहिली, याचे वाचन प्रथम व्हावे. आणि आमच्या वाचकांना एवढेच सांगणे की, इतिवृत्त मराठीत वाचून दाखविल्यावाचून त्यावर सही करू नये.