मांजराला लस कोण टोचणार?

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकाट कुत्र्यांविषयी जे आदेश दिले, त्यांवरून देशभर वादाचे मोहोळ उठले. त्या गदारोळात जिन्याखाली पहुडलेल्या मांजराकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. रेबीजने माणसे दगावतात ती बहुतांशी कुत्र्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटना हे प्रमाण 99 टक्क्यांपर्यंत सांगते. मग मांजराची चिंता वाहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. कुत्रे फाटकाबाहेर असते, मांजर स्वयंपाकघरात शिरते. मुले त्याला कवटाळतात आणि त्याने बोचकारले तर आई रागावेल म्हणून जखम लपवितात. त्याच मांजराला रात्री एखादे पिसाळलेले कुत्रे चावले होते की काय, हे कोणी पाहिलेले नसते. लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे वैद्यकाचा इलाज चालत नाही. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची धास्ती वडीलधाऱ्यांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस केव्हाच बंद झाली, आज लस दंडावर टोचतात, हे त्यांस सांगावयास हवे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक रुग्णालय गाठावे.

गृहनिर्माण संस्थांतून योजला जाणारा उपाय म्हणजे मांजरे पोत्यात भरून मासळीबाजारात सोडून येणे! यासारखा निर्बुद्ध उपाय दुसरा नसेल. रिकाम्या जागी नवी मांजरे येतात, आणि मांजरीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. शस्त्रक्रिया व लसीकरण करून जागच्या जागी सोडलेले मांजर आपला मुलूख राखते; त्याच्या कानाचे छाटलेले टोक हीच त्याची ओळख. दूधपोळी घालणाऱ्या बाईंना सभेत दटावण्यात कार्यकारिणीचा वेळ जातो. वस्तुतः हाक मारताच मांजर जिच्यापाशी येते, तीच त्याला पिंजऱ्यात घालू शकते. मात्र नुसते अन्न घालून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्यांनीही लसीची जबाबदारी टाळू नये.

गोव्यात 2014 पासून घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांची लस मांजरांनाही चालते. महापालिकेने तिच्या मात्रा श्वानपथकाबरोबरच धाडाव्या, वार व वेळ फलकावर आधी लावावी आणि पिंजऱ्यांचा खर्च संस्थांनी सोसावा. जिन्याच्या रंगकामाला जेथे हजारो रुपये निघतात, तेथे दोन पिंजरे जड होऊ नयेत.