खाडीकाठचे पंचांग

पंचांगातील तिथी आपण बहुधा उपवास, श्राद्ध व सण ह्यांकरिता पाहतो. आमच्या रोहे तालुक्यात खाडीकाठी शेती करणारा मनुष्य तीच तिथी आपल्या बांधाकरिता पाहतो. चंद्राच्या कला, ग्रहण आणि भरती-ओहोटी ही तिन्ही त्या एका तिथीवरून कशी उलगडतात, हे ह्या मासी सांगण्याचे योजिले आहे. विषय शाळेतला खरा. परंतु मला तो प्रथम कळला तो तेराव्या वर्षी, एका रात्री, बांधावर.

आमचे घर धाटावचे. कुंडलिका नदी सह्याद्रीतून उतरून कोलाड, धाटाव, रोहे करीत रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. रोह्याच्या खाली तिची खाडी होते व समुद्राचे पाणी दिवसातून दोन वेळा आत चढते. ते अडविण्यासाठी मातीचे बांध घालून आत भात पिकवितात. अशा जमिनीस खार म्हणतात. बांधात उघाडी असते. ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाते आणि भरतीच्या वेळी ती बंद होते. बांध फुटला की खांड पडली म्हणतात. खारे पाणी एकदा शेतात शिरले म्हणजे मीठ धुऊन जाण्यास दोन-तीन पावसाळे लागतात, आणि तोवर त्या घरी तांदूळ विकत आणावा लागतो.

सन १९७१ च्या श्रावणातील गोष्ट. ६ ऑगस्ट रोजी नारळी पौर्णिमा होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. दुपारपासून घरात वेध लागले होते. तिसऱ्या प्रहरी शेजारच्या खारीतला एक वृद्ध आगरी शेतकरी पडवीत येऊन उभा राहिला. आमच्या व त्याच्या खारीच्या सामाईक बांधाला उघाडीजवळ चीर पडली होती, आणि ग्रहणात बाहेर पडावयास एकही गडी तयार नव्हता. तो आजोबांस एवढेच म्हणाला, “नाना, गिराण सुटंपर्यंत पानी थांबल काय?”

आजोबा म्हणाले, “ग्रहण आहे म्हणजे उधाण असणारच. पाणी कसे थांबेल?” आणि पंचांग व पाटी घेऊन ते गणित करू लागले.

मी त्यांस विचारले, ग्रहणाचा आणि उधाणाचा संबंध काय? तेव्हा त्यांनी अंधाऱ्या कोठीत एक कंदील ठेवला, पूजेचा नारळ माझ्या हाती दिला आणि सांगितले, “कंदील हा सूर्य, तुझे डोके ही पृथ्वी, नारळ हा चंद्र. हात लांब करून नारळ डोक्याहून थोडा वर धर आणि जागच्या जागी फिर.” कंदिलाकडे तोंड केले तेव्हा नारळाची माझ्याकडील बाजू काळी दिसली, ती अमावास्या. पाठ केली तेव्हा संपूर्ण उजळ दिसली, ती पौर्णिमा. कुशीस कंदील असता अर्धी उजळ, अर्धी काळी, ती अष्टमी. चंद्र व सूर्य ह्यांमधील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी सरते, आणि अशा तीस तिथी सरासरी साडेएकोणतीस दिवसांत पुऱ्या होतात. ह्यात पृथ्वीच्या सावलीचे काहीच काम पडले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुढे शिक्षक झाल्यावर मी हा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारी, आणि निम्म्याहून अधिक मुले चंद्र पृथ्वीच्या सावलीने लहान होतो असेच सांगत.

सावली पडते ती ग्रहणात. नारळ डोक्याच्या सरळ रेषेत खाली आणून पाठ केली, तेव्हा माझ्याच डोक्याची सावली त्यावर पडून तो झाकला. मग दर पौर्णिमेस ग्रहण का होत नाही? चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेला आहे. म्हणून बहुतेक महिन्यांत तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे दोन मार्ग जेथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे ज्योतिर्गणितातले राहू व केतू. पौर्णिमा किंवा अमावास्या त्यांच्याजवळ घडली तरच ग्रहण. आर्यभटाने सन ४९९ च्या सुमारास हे कारण स्पष्ट सांगितले आहे. आमच्याच जिल्ह्यातील, मुरूडनजीकच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ ह्यांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचून हे गणित इतके सोपे केले की महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके त्यावर चालली.

आता भरती. तीन भावंडे एका ओळीत आजीकडे धावत आहेत असे समजा. आजीजवळचे सर्वांत वेगाने, मधले त्याहून हळू, मागचे सर्वांत हळू धावते. थोड्याच वेळात मधल्याच्या पुढे अंतर पडते आणि मागेही पडते. चंद्राची ओढ अशीच आहे. त्याच्या समोरील पाण्यावर ती अधिक, पृथ्वीच्या गोळ्यावर मध्यम आणि पलीकडील पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून समुद्र दोन्ही बाजूंस फुगतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे आपल्या किनाऱ्यास दिवसातून दोन भरत्या येतात. सूर्यही असेच करतो, परंतु फार दूर असल्याने त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. पौर्णिमा व अमावास्येस तिघे एका रेषेत येतात, दोघांचे बळ एकत्र होते व उधाण येते. त्याचा पुरा जोर एक-दोन दिवसांनी दिसतो. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भरती कमी चढते, तो भांग. रोह्यासमोर नदीपलीकडील गावाचे नावच अष्टमी. आजोबा विनोदाने म्हणत, त्या गावी उधाण यावयास नको. पण येते खरे!

वेळही तिथीवरूनच निघते. चंद्र दररोज सुमारे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, उशिरा उगवतो व भरतीही तितकीच पुढे सरकते. म्हणून आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, असा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या. खाडीत वर जावे तसा त्यात थोडा वेळ मिळवावा लागतो.

आजोबांनी पाटीवर मांडले ते असे : आपल्या बांधाशी पूर्ण भरती रात्री एकच्या सुमारास, ग्रहणाचा मोक्ष तीनला, तेव्हा पाणी उतरणीस लागलेले, पुढची भरती दुपारी, आणि पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीहून मोठी. पक्के काम पहाटे तीन ते सकाळी नऊ एवढ्याच अवधीत करता येईल. परंतु त्याआधी रात्रीच्या पाण्यात ती चीर टिकली पाहिजे. पाटी पुसून ते म्हणाले, “ग्रहणाचे स्नान व जप मी खाडीतच करीन.”

आणि ते गेले. कंदील धरावयास मला बरोबर नेले. आकाश ढगाळ होते, म्हणून ग्रहण दिसले नाही. दीड तासाहून अधिक चाललेल्या त्या खग्रासात एवढेच जाणवले की ढगांमागचा उजेड नाहीसा झाला आहे. आजोबा उघाडीशेजारी कमरेइतक्या पाण्यात जप करीत उभे होते. ते पाहून प्रथम तो वृद्ध, मग त्याचे दोन मुलगे, मग आणखी चौघे खाली उतरले व पेंढा, मेढी आणि चिखल ह्यांनी चीर दाबून धरू लागले. एकच्या सुमारास पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर राहिले. पुढे ते उतरू लागले. तीन वाजल्यावर उरलेले गडी आले आणि नवाच्या आत काम पुरे झाले. दुपारच्या उधाणात बांध उभा राहिला. त्या वर्षी दोन्ही घरी भात आला.

आमच्या घरी मात्र हे सर्वांस रुचले नाही. ग्रहणकाळी चिखलात उतरणाऱ्यांच्या मेळ्यात उभे राहिले म्हणून आजोबांचे वडील बंधू पुढील अमावास्येपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. आजोबांनी एक शब्दही उलट काढला नाही. ग्रहणाचे स्नान, जप, दान ह्यांपैकी त्यांनी काही सोडलेलेही नव्हते.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाड व चिपळूण पाण्याखाली गेली. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. पाऊस हेच मुख्य कारण खरे. परंतु पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, समुद्र भरलेला, मग नद्यांनी आपले पाणी ओतावे कोठे? अतिवृष्टीच्या वार्तेबरोबर तिथीही पाहावी, ती ह्याकरिता.

आता भरतीचे कोष्टक मुलांच्या हातातील मोबाइलवर मिनिटासह मिळते, आणि ते अचूक असते. तथापि ते कशावरून निघते हे घरात एकास तरी ठाऊक असावे. येत्या पौर्णिमेस दिवे मालवून एक कंदील व एक नारळ घ्यावा आणि घरातील मुलांस फिरावयास लावावे. नारळ मागाहून फोडता येतोच.